आईची बाटली, माझा डोळा

कडू! थेंब डोळ्यात आणि चव घशात! डोळ्यातून नाकात उतरणारी बारीक नळी असते हे शाळेत घोकलं होतं, तिची चव चाळिशीत कळली.

झालं असं, की एके सकाळी दाराच्या चौकटीला पोट सुटलं. उजवा डोळा झाकला की सुटायचं, उघडला की चौकट सरळ. मग डॉक्टरांकडे ओसीटी झाली, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन. ना सुई, ना दुखणं, हनुवटी टेकवून हिरव्या खुणेकडे बघायचं, बस. स्क्रीनवर माझ्याच डोळ्याचा उभा छेद! पोळीचे पापुद्रे असावेत तसे थर, आणि मधोमध ते सुटून टम्म फुगलेले. खाली काळी पोकळी. पाणी! आजार सेंट्रल सीरस, म्हणजे डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचणं. ‘स्टेरॉइड घेता? ताण आहे?’ मार्चअखेरीला हे अकाउंट्सवाल्याला विचारायचं?

मी डोळ्यातल्या इंजेक्शनची धास्ती घेतलेली. डॉक्टर म्हणाले, ‘बहुतेकदा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. तोवर हे थेंब टाकून बघू.’ डॉर्झोलामाइड, 2 टक्के.

घरी येऊन बघतो तर आईच्या डबीत हीच बाटली! तिचा काचबिंदू, माझा पडदा, औषध एकच? दुसऱ्या भेटीत डॉक्टरांना भंडावून सोडलं. कार्बॉनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम हे औषध रोखतं. त्यामुळे डोळ्याच्या पुढच्या भागात पाणी बनणं कमी होतं, म्हणून आईचा दाब उतरतो. आणि मागे, पडद्याखालच्या पेशींचा जो थर अखंड पाणी उपसत असतो, त्याचा उपसा वाढतो. एकीकडे नळ बारीक, दुसरीकडे पंप जोरात! मी दिवसभर ऑफिसात हेच सांगत सुटलो.

महिन्याने फुगा निम्म्यावर. थेंबांनी की आपसूक? डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. या आजारातले अभ्यास अजून लहानच आहेत. रेटिनायटिस पिगमेंटोसा या दुसऱ्या आजारात पडद्याला येणाऱ्या सुजेवर मात्र हे थेंब बरीच वर्षं वापरात आहेत.

घरात कुणाची बाटली असली तरी परस्पर टाकू नका, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पण आत्ता, हे वाचून झाल्यावर, एकेक डोळा झाकून समोरच्या चौकटीकडे जरूर बघा.