बॉयलरचं झाकण

वापरलेलं एस्प्रेसो मशीन बघायला आलेला माणूस आधी क्रोमवरून हात फिरवतो. डाग किती आहेत, पत्रा कुठे चेपलाय, वाफेची नळी वाकली आहे का, एवढं बघून तो भाव करायला लागतो. माझं म्हणणं एवढंच, की ते सगळं राहू द्या. बॉयलरचं झाकण काढायला लावा आणि बॅटरी घेऊन आत बघा. या मशीनला कॉफीनं कधी काही होत नाही, जे काही होतं ते पाण्यानं.

माझ्या भाच्यानं पुण्यात कॉफीचं छोटं दुकान काढायचं ठरवलं आणि बंद पडलेल्या एका हॉटेलातलं दोन ग्रुपचं, म्हणजे कॉफी उतरायची दोन तोंडं असलेलं, इटालियन मशीन उचललं. "नव्याच्या पैशात दुकानाचं डिपॉझिट निघतं, मामा," हे त्याचं गणित. मला मात्र त्या मशीनचे ग्रुप बघताक्षणी हवेसे झाले. मशीनवर नाव दुसऱ्याच कंपनीचं होतं, पण घडण ई-६१ची. एकेका ग्रुपमध्ये चार किलोच्या आसपास पितळ, वर क्रोमचा मुलामा आणि बाजूला वर-खाली होणारा छोटा दांडा.

ही घडण मिलानच्या फाएमा कंपनीची. १५ फेब्रुवारी १९६१ला इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं, त्याच वर्षी हे मशीन बाजारात आलं आणि ग्रहणावरूनच त्याचं नाव पडलं. कारखान्याचा मालक एर्नेस्तो व्हालेंते. ई-६१च्या आधीची पाऊणशे वर्षं इटालियन लोक याच यंत्राच्या मागे लागले होते. १८८४ साली तुरिनच्या आंजेलो मोरिओंदोनं वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं, १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरानं एकेका कपापुरती कॉफी काढायची सोय केली आणि देसिदेरिओ पावोनीनं ते यंत्र कारखान्यात बनवून खपवलं. पण वाफेचा दाब तो कितीसा! शिवाय कॉफी करपट व्हायची. आकिल्ले गाज्जियानं १९३८च्या पेटंटपासून तो प्रश्न धरून ठेवला आणि युद्ध संपल्यावर स्प्रिंगचा दांडा आणला. कॉफीवर तांबूस साय धरायला लागली ती तेव्हापासून. तो दांडा दिवसभर ओढायला मात्र मनगटात जोर लागायचा. ई-६१नं ते काम विजेच्या पंपाकडे दिलं. वातावरणाच्या नऊपट दाब, पहिल्या कपाला जेवढा तेवढाच शंभराव्या कपाला.

त्याहून मोठी अक्कल आत आहे. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात पाण्याच्या मधून विस्तवाची नळी जाते. इथे नेमकं उलट केलंय. बॉयलरमध्ये वाफेचं पाणी तापलेलं असतं आणि त्याच्या मधून ताज्या पाण्याची नळी जाते. कॉफीला लागणारं पाणी नळातून येतं, त्या नळीतून जाता जाता तापतं आणि ग्रुपमध्ये उतरतं. बॉयलरमधलं शिळं, सतत उकळणारं पाणी कपात येतच नाही. शिवाय नळी आणि ग्रुप यांच्यात दोन पाइप जोडलेले असतात. गरम पाणी वरच्या पाइपानं ग्रुपमध्ये चढतं, तिथे थोडं निवून जड होतं आणि खालच्या पाइपानं परत फिरतं. त्या फेऱ्यांनी ते पितळ दिवसभर तापलेलं राहतं. या फेऱ्यांना पंप लागत नाही की कसला हलणारा भाग. मला यंत्रविद्येतलं जे थोडं कळतं, त्यात याच्याइतकं देखणं काही मी पाहिलेलं नाही.

झाकणाचे बोल्ट गंजलेले होते. तेल सोडून, रात्रभर मुरवून, हलके हलके आचेनं तापवून ते सुटले. गॅस्केट राखाडी, तंतूतंतूंची होती. जुन्या मशीनमधली अशी गॅस्केट ॲस्बेस्टॉसची असू शकते, त्यामुळे ती कोरडी खरवडायची नाही. पाण्यानं ओली करायची, तोंडाला चांगला मास्क लावायचा, ओलीच अखंड उचलायची आणि पिशवीत बंद करायची. हे घाईत विसरणाऱ्या मेकॅनिकच्या छातीची मला काळजी वाटते, म्हणून जरा लांबण लावली.

आत हीटरची कॉइल होती, पण ती दिसत नव्हती. तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरट-तपकिरी थर बसला होता. तळाला त्याच थराच्या खपल्या, करंगळीच्या नखाएवढ्या, हातात घेतल्या की कडेनं मोडणाऱ्या. घरच्या गीझरची कॉइल बदलून घेतलेल्या प्रत्येकाला हे क्षार ओळखीचे आहेत. पाणी बोअरचं असणार. दख्खनच्या खडकातून उपसलेलं पाणी जड असतं, आणि बॉयलरमधून वाफ निघून जाते तसे क्षार मागे उरतात. आणखी एक वास होता, नासलेल्या दुधाचा. बॉयलर निवताना आतल्या वाफेचं पाणी होतं आणि पोकळी तयार होते. ती मोडायला वर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो अडकला, वाफेची नळी दुधात राहिली आणि तिची चावीही उघडी असली, तर दूध नळीतून मागे बॉयलरमध्ये ओढलं जातं. अंगठ्याएवढा तो भाग कुणी वेळेवर बदलला नव्हता.

क्षारांना आम्ही लिंबूफूल घातलं, किराणा दुकानात ढोकळ्यासाठी मिळतं तेच. कोमट पाण्यात विरघळवून ओतलं की थर फसफसतो आणि सुटायला लागतो. पाणी फार तापवायचं नाही, कारण सुटलेलं कॅल्शियम मग दुसऱ्याच क्षाराच्या रूपानं तळाशी बसतं. एकदा भरून आठवडाभर ठेवून देण्यापेक्षा द्रावण बदलत राहिलेलं बरं. क्रोमचे भाग त्यात फार वेळ ठेवायचे नाहीत, मुलामा जातो. शेवटच्या पाण्यात तांबं दिसलं, गुलाबी, सकाळच्या उन्हात जवळजवळ ओलं वाटणारं.

तो रिकामा बॉयलर घेऊन मी कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. डागडुजी करून घ्यायची नव्हती. वाफेच्या दाबाखालच्या भांड्यावर कुणालाही हातोडा मारू देऊ नये. पण तांब्याचा पत्रा हातानं ओळखणारं माणूस मला हवं होतं. दुकानातल्या काकांनी बॉयलर मांडीवर घेतला, बोटाच्या पेरानं चारी बाजूंनी वाजवला, जोडावर नख फिरवलं. "पत्रा धड आहे. जोडही धड आहे. आतून स्वच्छ ठेवा, म्हणजे झालं." त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

तरी बोटाच्या पेरावर भागत नाही. बॉयलर गार पाण्यानं काठोकाठ भरला, हातपंप लावला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो त्याच्या दीडपट दाब देऊन ठेवला. ही चाचणी हवेनं कधीच घ्यायची नाही. पाणी दाबलं जात नाही, म्हणून फट असली तर थेंब गळतो. दाबलेली हवा सुटली तर पत्रा अंगावर येतो. काटा हलला नाही.

मग जोडणी. आमच्या इलेक्ट्रिशियनचा आग्रह होता, "साहेब, सोळा ॲम्पिअरच्या सॉकेटवर आरामात चालेल." तीन किलोवॉटचा हीटर, वर पंपाची मोटर, आणि हे दिवसभर! कॉइलचा रोध मीटरवर अठरा ओहमच्या जवळ आला, म्हणजे ती शाबूत होती. तरीही बोर्डापासून चार एमएमची वेगळी वायर, तिचा वेगळा एमसीबी, आरसीसीबी आणि तपासलेलं अर्थिंग, यावर मी अडून बसलो. पितळेच्या दांड्याला दिवसभर ओल्या हातानं स्पर्श करणारा मुलगा माझा भाचा आहे.

पाण्याचं जास्त अवघड गेलं. खडकवासल्याचं पाणी या कामाला चांगलं. पण त्या इमारतीत उन्हाळ्यात टँकर येतात, आणि टँकरच्या पाण्याचा भरवसा नाही. कुणी सांगितलं, आरओ लावा. नुसतं आरओचं पाणीही चालत नाही. ते धातू खातं, आणि ज्या मशीनमध्ये पाण्याची पातळी सळईनं मोजतात तिथे इतक्या शुद्ध पाण्यातून वीजच वाहत नाही. सळईला पाणी कळत नाही आणि बॉयलर भरतच राहतो. शेवटी मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवला आणि पाण्याची कठीणता तपासायच्या पट्ट्या काउंटरखाली ठेवल्या. पट्टी दर सोमवारी बुडवायची, असं ठरलंय.

दुकान सुरू आहे. दांडा वर केला की आधी काहीच होत नाही. खालची छोटी कोठी भरते, गाळणीतली कॉफी भिजते, आणि मग दाब चढून काळपट धार उतरायला लागते. पुढे ती मधाच्या रंगाची होते. दांडा खाली केला की उरलेला दाब सुस्कारा टाकून गटारात जातो. हे सगळं एका कॅमवर आणि दोन-चार स्प्रिंगांवर चालतं. त्यातला प्रत्येक भाग पान्यानं सुटतो आणि बदलून मिळतो, कारण ही घडण आजही बनते.

म्हणून हॉटेल, क्लब, कँटीन चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. मशीन बंद पडलं की ते पितळेच्या भावानं भंगारात घालू नका. आधी झाकण उघडा, क्षार काढा, गॅस्केट बदला, आणि त्याला कुठलं पाणी पाजत होतात ते तपासा. तेवढ्यानं पुष्कळ मशीन पुन्हा चालतात.