उज्जैनला अडलेली फियाट

बाबांची प्रीमियर पद्मिनी १९८६ ची. कुर्ल्याहून या गाड्या निघायच्या बंद होऊन पाव शतक झालं. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आमच्या घरात मात्र तिला पद्मिनी कधी कुणी म्हटलंच नाही. ती 'फियाट'च.

त्या गाडीतून उज्जैनला जायचं ही बाबांची जुनी इच्छा. महाकालेश्वराचं देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. आपल्या बाजूचा शेणवी माणूस, याचा बाबांना कोण अभिमान! त्यांचं जाणं राहून गेलं. वर्षश्राद्ध झाल्यावर मी गाडी काढली.

निघण्याआधी महिनाभर तिची एक खोड सुरू होती. चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक. धक्का मारला की मात्र लगेच सुरू. म्हापशाच्या एका गॅरेजात पात्रांवाने आधी बॅटरी बदलायला लावली, मग सेल्फ उघडून ब्रश बदलले. चार दिवस बरे गेले आणि आम्ही निघालो. हजाराहून जास्त किलोमीटर गाडी गुणी मुलीसारखी चालली. उज्जैनला फ्रीगंजमध्ये दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच, टक-टक-टक.

थोरल्या भावाला फोन केला. "तिथंच कुणाला तरी देऊन टाक आणि रेल्वेने ये," तो म्हणाला. लॉजवाल्याच्या ओळखीतला एकजण भंगाराच्या भावाने न्यायला तयारही होता. अकराला येतो म्हणाला. खोटं कशाला सांगू, मी हो म्हटलं होतं.

मध्ये वेळ होता म्हणून पोहे खायला गेलो. (वर शेव आणि सोबत जिलेबी. आपल्या दिवाळीच्या पोह्यांची सवय असलेल्याला पहिला घास जरा जपूनच घ्यावा लागतो.) शेजारी ऑटो इलेक्ट्रिशियनची टपरी. साठीचा माणूस, घर पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचं, पण बोलला मराठीत, हिंदीच्या अंगाने चालणाऱ्या.

बॉनेट उघडण्याआधी तो म्हणाला, "साहेब, बत्त्या लावा, मग सेल्फ मारा." मी चावी फिरवली. टक-टक-टक.

"बत्त्या उतरल्या?"

"नाही. आहेत तशाच."

"मग बॅटरीला कशाला शिव्या द्यायच्या?"

हेडलाइटच्या दोन दिव्यांना सात-आठ अँपिअर पुरतात, सेल्फला शंभराच्या वर लागतात. बॅटरी मेली असती तर सेल्फ मारताना दिवे पार मंदावले असते. मग त्याने विचारलं, "चोकची मूठ गरम लागते का?" मी चमकलो. महिनाभर लागत होती! इंजिनाची धग असेल म्हणून मी लक्षच दिलं नव्हतं.

त्याने मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, आणि मला पुन्हा चावी फिरवायला सांगितली. अर्धा व्होल्टही दिसायला नको, तिथे काटा आठच्या पुढे उडत होता. इंजिन रबरावर बसलेलं असतं. सेल्फमधून आलेला करंट बॉडीकडे परत जातो तो तांब्याच्या एका विणलेल्या पट्टीतून. ती पट्टी आतून खलास झाली होती. मग करंट जाणार कुठून? चोकच्या बारीक तारेतून! तेवढ्यावर सेल्फ कसला फिरतोय, तार तेवढी तापायची. प्लगच्या ठिणगीला मात्र करंट थोडाच लागतो, म्हणून धक्क्याने गाडी सुरू व्हायची.

खात्रीसाठी त्याने जाड केबल निगेटिव्हपासून थेट इंजिनाला लावली. चावी फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. भर फ्रीगंजात माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने सौजन्याने पाहिलं नाही.

गाडीखाली शिरून त्याने जुनी पट्टी काढली. वरून धड, नटाखाली हिरवी भुकटी. "समुद्राकडची गाडी दिसते," तो म्हणाला. नवी पट्टी लावण्याआधी बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडला, नट आवळल्यावर वर ग्रीस चोपडलं. तीनशे रुपये घेतले. बॅटरी आणि सेल्फवर मी किती घालवले ते सांगत नाही.

अकराला गिऱ्हाईक आलं. मी गाडीत बसून होतो, इंजिन चालू ठेवून. त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि न विचारताच परत गेला. महाकालाचं दर्शन दुपारी झालं. जुनी पट्टी डिकीत आहे. आता दर चतुर्थीच्या आधी, पाऊस ओसरला की, तो नट खोलून बघतो.