पाटीखालची स्कूटर

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही बोळात शिरा, फाटकावर पाटी असतेच: येथे वाहन लावू नये. पुणेरी पाटीच्या तिरकसपणाचं कौतुक पुष्कळ झालं, तिच्या रचनेकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. माणूस जे करण्याच्या बेतात असतो, तेच करू नकोस, असं ती नेमक्या त्या जागी, मोजक्या शब्दांत सांगते. कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचे कोर्स आखणाऱ्या ज्या माणसाला कंपन्यांच्या भाषेत इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणतात, त्याने गिरवावा असाच हा कित्ता. तरीही पाटीला हँडल टेकवून एक स्कूटर उभी असते. स्कूटरवाल्याला वाचता येतं, नियमही ठाऊक असतो. पण जागा मिळत नाही आणि काम दहा मिनिटांचं असतं. पाटी दुप्पट मोठी रंगवली तरी स्कूटर हलायची नाही. मोठ्या कंपनीत या पदाची मुलाखत होते, तेव्हा उमेदवाराला ही स्कूटर दिसते का, हे आधी पाहायला हवं.

बहुतेक वेळा विचारलं जातं ते वेगळंच. कोणती सॉफ्टवेअर येतात, आधीच्या कामाचे नमुने दाखवा, ‘ॲडी’ पद्धत सांगा. ही पद्धत 1975 मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणासाठी तयार झाली. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन ही तिची पाच पावलं. पेठेतल्या अभ्यासिकांत ज्या चिकाटीने राज्यघटनेची कलमं पाठ होतात, त्याच चिकाटीने हीही पाठ करता येतात. पण विश्लेषण हे पहिलं पाऊल पाठ म्हणून दाखवता येत नाही, ते करूनच दाखवावं लागतं. समजा, कर्मचारी प्रवासखर्चाची बिलं चुकीची भरतात, अशी अडचण उमेदवारापुढे ठेवली. एक जण लगेच वीस मिनिटांच्या कोर्सची रूपरेषा मांडेल. दुसरा म्हणेल, आधी परत आलेली दहा बिलं दाखवा. त्यांतली बरीचशी एकाच रकान्यात अडली असतील, तर दोष कर्मचाऱ्यांच्या अज्ञानाचा की फॉर्मचा, हा प्रश्न उभा राहतो. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी 1970 मध्ये यासाठी एक साधी कसोटी दिली: जिवावर बेतलं तर माणसाला ते काम जमेल का? जमत असेल, तर शिकवण्याने काही साधणार नाही, आड येतंय ते काढायला हवं.

मुलाखतीत अशी अडचण सोडवून घ्यावी, याला संशोधनाचाही आधार आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये निवडीच्या पद्धतींवरचं 85 वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि सगळ्यांना ठरावीक प्रश्न विचारणारी मुलाखत, या दोन्ही पद्धती मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरल्या. अनुभवाची वर्षं मोजणं खूपच मागे पडलं. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे फेरतपासून बरेच खाली आणले, पण ठरावीक प्रश्नांची मुलाखत आघाडीवरच राहिली. नमुन्याचं काम मात्र तासाभराचं असावं. चार दिवसांचा पूर्ण कोर्स फुकट करून मागणं ही परीक्षा नव्हे, वेठबिगारी आहे.

यावर आक्षेप येईल, की ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, त्याने भावी साहेबाला ‘तुम्हाला कोर्सची गरजच नाही’ असं कसं सांगावं? तसं तोंडावर सांगूही नये. ज्यांची बिलं परत येत नाहीत ते काय वेगळं करतात, एवढं विचारलं तरी दिशा आपोआप बदलते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही प्रशिक्षण कायद्यानेच द्यावं लागतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार जागृतीचे कार्यक्रम घेणं मालकाचं कर्तव्य आहे. तिथे कोर्स हवा की नको हा वादच नाही, हे मान्य. पण तक्रार घेऊन कुणी सोमवारी सकाळी टेबलासमोर उभं राहिलं तर नेमकं काय करायचं, याभोवती तो कोर्स बांधायचा की कलमांची यादी वाचून दाखवायची, हे तरीही डिझायनरच ठरवतो.

कोर्स झाल्यावर काय बदललं, हा प्रश्न तरीही उरतोच. याच सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यावर, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं कार्यालय आहे. राज्यातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आखणी ती करते. शिक्षक प्रशिक्षणाला बसले, एवढ्यावरून वर्गात काय बदललं ते कळत नाही, त्यासाठी वर्गातच जावं लागतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासून हेच मांडलं: प्रशिक्षण आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, कामावर परिणाम झाला का. म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हटलं गेलं, की उमेदवाराने पगाराआधी हे विचारावं: तुमच्या मागच्या कोर्सनंतर कामात काय बदललं, आणि ते पाहायला कोण गेलं होतं? उत्तरात नुसती कोर्स पूर्ण केलेल्यांची टक्केवारी आली, तर समजावं की इथे आणखी मोठ्या पाट्या रंगवणारा माणूस हवा आहे. तरीही नोकरी घ्यायची, तर ती हे ओळखून घ्यावी.