पांडेसऱ्याचा मनीप्लांट

परवा सुरतेहून सासूबाईंचा फोन आला. तब्येतीची विचारपूस झाली, आमच्या गोव्याच्या पावसाची चौकशी झाली आणि मग त्या हळूच म्हणाल्या, "जावईबापू, नवं पान आलं. पांढरं आलंय." कार्यालयात बढतीच्या यादीत माझं नाव लागलं असतं तरी मला एवढं बरं वाटलं नसतं. (यादी अजून लागायची आहे, म्हणून हे धाडसाने लिहितोय!) एका पानाचं एवढं काय, ते सांगतो.

माझी बायको अमळनेरची. चार वर्षांपूर्वी सासरे गेले आणि सासूबाई मुलाकडे, सुरतेच्या पांडेसऱ्यात राहायला गेल्या. पांडेसरा म्हणजे जी.आय.डी.सी., कापडाच्या डाईंग-प्रिंटिंग मिला, यंत्रमाग आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या दाट सोसायट्या. खानदेशातली माणसं ताप्ती व्हॅलीच्या लोहमार्गाने येतात, उधन्याला उतरतात आणि आसपासच कुठेतरी बिऱ्हाड थाटतात. त्यामुळे गल्लीत गुजराती, ओडिया, भोजपुरी यांच्या जोडीला अहिराणीही मनसोक्त ऐकू येते.

अमळनेरचं घर बंद करताना सासूबाईंनी अंगणातल्या मनीप्लांटची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली होती. हिरव्यावर पांढरे शिंतोडे असलेली जात. पांडेसऱ्याला ती सरबताच्या रिकाम्या बाटलीत, टीव्हीशेजारी विसावली.

गेल्या दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा वेल लांब झाली होती, पण नवी पानं सगळी हिरवीगार. सासूबाई म्हणाल्या, "याचा रंग उतरला बघा. इथली हवा मानवली नाही वाटतं." बायकोने ते आईविषयीच ऐकलं. रात्री मला म्हणाली, "आईला आपल्याकडे नेऊ या." मलाही ते पटलं. फोंड्याला आमचं घर ऐसपैस आहे, दारात अंगण आहे. परसातल्या आंब्यावर हाच मनीप्लांट चढला आहे आणि त्याची पानं हातभर लांब, कडेने फाटलेली आहेत. या वेलीला चढायला खोड मिळालं की पानं अशी मोठी होत जातात, लोंबकळत ठेवली की लहान राहतात.

मी कला शाखेचा पदवीधर, पण झाडांच्या बाबतीत प्रत्येक गोंयकार स्वतःला तज्ज्ञ समजतो. मी सांगितलं, "आई, पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. अंधारात वेलीचं पोट भरत नाही, म्हणून ती हिरवी पानं काढते. उजेड द्या, रंग परत येईल." आणि बाटली उचलून पश्चिमेच्या गॅलरीत नेऊन ठेवली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. जावयाला कोण काय बोलणार!

एप्रिलमध्ये कळलं की पानं करपली. उरलीसुरली पांढरी नक्षी कागदासारखी तपकिरी झाली होती. मेव्हण्याची बायको म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आईंनी पंधरा दिवस सांगू दिलं नाही." माझं म्हणणं चूक नव्हतं, पण अर्धवट होतं. वेलीला उजेड हवा, दुपारचं ऊन नको. सावलीत वाढलेलं पान एकदम उन्हात ठेवलं तर आधी पांढरा भाग जळतो. तिला थोडं थोडं सरकवत न्यायचं असतं.

मे महिन्यात सासूबाईंना आणायला मी पुन्हा गेलो. परतीची दोन तिकिटं खिशात होती. पाहतो तर वेल स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत. जळका भाग कापून, पेराच्या जरा खाली छाटून त्यांनी नव्याने लावली होती. दर शनिवारी पाणी बदलायचं. आणि दर दोन दिवसांनी ओल्या फडक्याने प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी पुसायचं, कारण मिलांच्या धुराची काजळी पानावर बसते. कोळशाचे बॉयलर इथे बरेच. २०१९ मध्ये गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेच्या कारखान्यांसाठी धुळीच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू केली, तिने उत्सर्जन कमी झाल्याचंही अभ्यासात दिसलं. तरी फडकं काळं होतंच.

भाची म्हणाली, "काका, हे झाड हवा शुद्ध करतं, नासाने सांगितलंय." नासाचा तो १९८९ चा प्रयोग बंद पेटीतला. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसलं की घरात फरक पडायला खोलीत अक्षरशः जंगल लावावं लागेल. इथे झाड हवा साफ करत नव्हतं, सासूबाई झाड साफ करत होत्या.

मी गोव्याचा विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी आठेच बरी शे." मग सांगू लागल्या. अमळनेरला दुपारभर बोलायला कुणी नसायचं. इथे शेजारणी घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम करतात, त्यांची पोरं यांच्यापाशी बसून मराठी वाचतात. मनीप्लांटच्या फांद्या सात घरांत गेल्या आहेत. (चोरून नेलेला मनीप्लांटच पैसा आणतो म्हणतात, म्हणून एकीने मुद्दाम न विचारता तोडून नेली!) ही वेल फुलत नाही. आपणहून फुलल्याची शेवटची नोंद १९६४ ची. फुलण्यासाठी लागणारं संप्रेरक तिच्यात तयार होत नाही, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं. म्हणजे एकीने दुसरीला दिली तरच ती वाढणार.

बोलता बोलता त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. आत मुळांची दाटी झाली होती. दिवाळीत मी फक्त पानं पाहिली होती.

एक तिकीट रद्द केलं आणि एक फांदी घेऊन परतलो. ती आता आमच्या व्हरांड्यात आहे. पावसाळी अंधारात तिची नवी पानं पार हिरवी येताहेत. परवा फोनवर विचारलं, "आई, अंगणात नेऊ का?"

"पाऊस सरू द्या," त्या म्हणाल्या, "मग रोज वीतभर सरकवा."