स्ट्रॉबेरीच्या पिशवीत काय भरायचं?



उंब्रजची काळी जमीन उसाला लई चांगली, पण स्ट्रॉबेरीला ती जड पडते. महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर, तिथं लाल माती आणि उतार, पाणी मुळाशी थांबतच नाही. आपल्याकडं एक मोठा पाऊस झाला की वाफा दोन दिवस ओला राहतो आणि मुळं कुजायला लागतात. म्हणून यंदा ५ गुंठे शेडमध्ये मातीविना लागवड करतोय. पुतण्या पुण्याची नोकरी सोडून आलाय, त्याचा हा पहिलाच हंगाम. रोपं सप्टेंबरअखेर येणार. ती मेली तर या हंगामात परत तशी रोपं मिळणं अवघड, त्यामुळं पिशवीत काय भरायचं यावर घरात महिनाभर चर्चा चालली.

हिशोब सोपा आहे. ४००० रोपं, रोपाला अडीच लिटर माध्यम, म्हणजे १०,००० लिटर.

आण्णांचं म्हणणं, कारखाना जवळ असताना नारळाचा भुसा विकत कशाला? बगॅसच भरा. (को-जनरेशन आल्यापासून बगॅस काही फुकट मिळत नाही, ते सोडा.) अडचण वेगळीच आहे. कच्च्या बगॅसमध्ये कर्ब भरपूर आणि नत्र नावाला. तो कुजवणारे जिवाणू आपण दिलेलं नत्र आधी खातात आणि रोप पिवळं पडतं. वर हंगामाच्या मध्यात पिशवी खाली बसते, मुळांना हवा राहत नाही. रॉकवूल चांगलं, पण वापरून झाल्यावर टाकायचं कुठं? पाटण भागातला भाताचा तूस जाळून केलेला काळा कोळसा मला आवडतो. हलका आहे, निचरा झकास. फक्त राखेमुळं सुरवातीला त्याचा पीएच चढा असतो, धुवून घ्यावा लागतो.

शेवटी गाडी कोकोपीटवर आली, आणि खरी मेख तिथंच आहे. विक्रेता म्हणतो, "धुतलेलं आहे, ईसी ०.५ च्या आत." पहिला प्रश्न विचारा, भुशाला पाणी किती घालून मोजला? जास्त पाण्यात मोजलं की आकडा आपोआप कमी दिसतो.

दुसरी गोष्ट मीटरला दिसतच नाही. नारळाच्या सोडणात पोटॅश आणि सोडियम असतं. त्यातलं मोकळं मीठ साध्या पाण्यानं निघून जातं. पण काही भाग भुशाच्या कणाला चिकटून बसतो. मग आपण खतातून कॅल्शियम सोडलं की कण कॅल्शियम धरतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम-पोटॅश मुळाशी सोडतो. रोपाला कॅल्शियम कमी पडतं, कोवळ्या पानांचे शेंडे करपतात. आपण म्हणतो, खत तर वेळेवर दिलं! स्ट्रॉबेरी खारटपणाला फार नाजूक, मातीतला ईसी १ च्या पुढं गेला की उत्पादन घटायला लागतं.

यावर उपाय म्हणजे बफरिंग. भुसा कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात दिवसभर भिजवायचा, निथळायचा, मग साध्या पाण्यानं धुवायचा. तयार बफर केलेला माल घेणार असाल तर सोडियम आणि पोटॅशचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा, नुसत्या ईसीवर भुलू नका.

आणि माध्यमाआधी पाणी तपासा. आमच्या विहिरीचं पाणी बायकार्बोनेटचं, पीएच वर ओढतं. स्ट्रॉबेरीला ५.५ ते ६.५ लागतो, म्हणून ॲसिड आलंच. नदीचं पाणी त्या मानानं बरं.

आम्ही ठरवलं तीन भाग जाड कोकोपीट, एक भाग परलाईट. नुसतं बारीक पीट घेतलं असतं तर पाणी धरून आमच्या काळ्या रानासारखंच वागलं असतं. ५ किलोची वीट फुगून ७० लिटर धरली तर ११० च्या आत विटा बसतात. एक ओळ तुसाच्या कोळशाची ठेवणार, तुलनेला. पिशव्या बाहेरून पांढऱ्या, नाहीतर मार्चच्या उन्हात मुळं शिजतील. दिलेल्या पाण्यातलं साधारण २० टक्के खालून निघालं पाहिजे, ते पाट काढून उसाला सोडणार. आण्णांना एवढं मात्र पटलं.

विटा बफर करून झाल्यात, आता साध्या पाण्यानं धुणं चाललंय. पुतण्या रोज सकाळी वहीत दोन आकडे लिहितो. आज आत जाणारं पाणी ०.४, निथळलेलं ०.७. अजून एक पाणी द्यावं लागेल.