औषध पिलेला पेशंट : काही टिपणं

मराठवाड्यातल्या घाटी रुग्णालयात खेड्यातून आलेले नातेवाईक सांगतात, "औषध पिलं." म्हणजे फवारणीचं. हा पेशंट भरती होतो मेडिसिनला. नर्सिंगच्या मुली मानसिक आजार शिकतात तो मात्र वेगळ्या विषयात, वेगळ्या पोस्टिंगला. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांतलं मराठवाड्यात एकही नाही. म्हणून तर हे शिक्षण जनरल वॉर्डातच, कॉटपाशी व्हायला हवं.

*

फवारणीच्या औषधाने होणारी ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. छाती कोरडी होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन वाढवतात. ते जास्त झालं की अंग तापतं, नाडी धावते, पेशंट हवेतलं काहीबाही वेचू लागतो, सलाईन उपटतो. घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. हात बांधायच्या आधी ताप, नाडी आणि लघवी तुंबलीय का ते बघून डॉक्टरांना बोलावणारी सिस्टर इथे जीव वाचवते.

*

ऑर्थोमध्ये मांडीचं हाड मोडलेला माणूस. दोन दिवस शांत; तिसऱ्या रात्री थरथर, घाम, भिंतीवर मुंग्या दिसतात. भरती करताना "शेवटची दारू कधी घेतली?" एवढं विचारायला हवं होतं. अशा पेशंटला ग्लुकोजआधी थायमिन.

*

उलटंही होतं. लिथियम चालू असलेल्या बाईला जुलाब लागतात, हात कापतात, जीभ जड होते. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात चढतं, जिवावर बेततं. आणि शेरा काय मिळतो? "तिचं नेहमीचंच." केसपेपरवर मानसिक आजाराचं नाव असलं की पोटदुखीही मनाचीच ठरते, याची मला चीड आहे.

*

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 21 सांगतं, शारीरिक आणि मानसिक, दोन्ही आजारांच्या पेशंटना सारखी वागणूक द्या. कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं. कलमं पाठ होतात. बोलणं शिकवावं लागतं. "पोरांचा तरी विचार करायचा" हे वाक्य वॉर्डातून हद्दपार व्हावं. आधी "काय दुखतंय दादा?" नातेवाईक चहाला गेले की सरळ विचारायचं, "अजून मरावंसं वाटतं का?" असं विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उत्तर नोट्समध्ये लिहायचं, रात्रपाळीच्या सिस्टरला तोंडी सांगायचं.

*

डिस्चार्ज कार्डावर तारखा दोन हव्यात : मेडिसिनची आणि मनोविकार ओपीडीची. फवारणीचे डबे कुलपात ठेवायला घरच्यांना सांगायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये तिथेच, सिस्टरसमोर सेव्ह करून घ्यायचा.