चष्मा सुटला का?

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली. दुसऱ्या डोळ्यालाही आता पाच आठवडे झाले. फोनवर प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "मग, चष्मा सुटला का?" म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

नाही सुटला मंडळी. म्हणजे, मीच सोडला नाही.

शाळेत असल्यापासून माझा नंबर मायनस. वाढत वाढत सहावर गेला. लांबचं सगळं धूसर, पण चष्मा काढून पुस्तक नाकाशी धरलं की अक्षर लख्ख! रात्री नात शेजारी झोपली की छोटा दिवा लावून मी अशीच वाचते. दिवसातली माझी हक्काची वेळ ती.

मुलाचा आग्रह मल्टिफोकल भिंगाचा. "आई, खर्चाचं बघू नकोस." डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं. हे भिंग डोळ्यात येणारा प्रकाश जवळच्या आणि लांबच्या नजरेत वाटून देतं. त्यामुळे चष्म्याची गरज बरीच कमी होते, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि मंद उजेडात अक्षर थोडं फिकं वाटू शकतं. माझ्या एका मैत्रिणीने तेच बसवलंय. तांदूळ निवडण्यापासून बसची पाटी वाचण्यापर्यंत सगळं बिनचष्म्याचं, खूश आहे. वलयं दिसतात म्हणते, पण तिला कुठे गाडी चालवायचीये!

मला मात्र तो मंद उजेड अडला. साधं, एकाच अंतराचं भिंग घ्यायचं ठरवलं. त्यातही बहुतेक जण लांबचं स्वच्छ दिसेल असं घेतात. मग वाचायला चष्मा लागणारच. मी म्हटलं, उलटं करा. नंबर उणे अडीचच्या आसपास ठेवला की ४० सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतं. म्हणजे मांडीवरच्या पुस्तकाचंच अंतर. "मग ऑपरेशन कशाला केलंस?" इति नणंदबाई. (त्यांना कोण समजावणार!)

आमच्या दादांचं ऑपरेशन १९७१ सालचं. इंग्लंडमध्ये डॉ. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्येच डोळ्यात भिंग बसवलं होतं, पण दादांपर्यंत ते पोचलं नव्हतं. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा आला. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. पेला समजून ते हवेतच हात घालत. मी दहा मिनिटांत भिंगासकट बाहेर आले आणि वर निवड करत बसले होते!

मधल्या तीन आठवड्यांत एक डोळा नवा, एक जुना होता. धुतलेली पांढरी साडी एका डोळ्याने पांढरीशुभ्र, दुसऱ्याने चहात बुडवल्यासारखी. इतकी वर्षं निळीला उगाच दोष दिला म्हणायचा.

घरात आता चष्मा लागत नाही. चष्मा शोधण्यासाठी चाचपडणं संपलं. रात्रीचं वाचन आहे तसं आहे, फक्त पुस्तक नाकापासून लांब आलंय.

लांबचा चष्मा गुरुवारी मिळेल. तोवर रस्त्यात मी ओळख दाखवली नाही तर रागावू नका.